समोरासमोरच्या दोन खिडक्या

माझे थोरले चुलते मिलिसाव ब्याण्णवाव्या वर्षी गेले. डॉक्टरांनी दाखल्यावर हृदयविकार लिहिला. आम्ही दाखला घेतला, डॉक्टरांचे आभार मानले आणि दफनभूमीतून परतताना सगळ्या नातेवाइकांनी एकमताने खरं कारण ठरवून टाकलं. आदल्या आठवड्यात सुनेने स्वयंपाकघराची खिडकी आणि पुढचं दार एकाच वेळी उघडं ठेवलं होतं. ती सून अजून आमच्यात येते-जाते, पण तिला कोणी माफ केलेलं नाही.

समोरासमोरच्या दोन खिडक्यांमधून जो वारा वाहतो त्याला आम्ही सर्ब लोक प्रोमाया म्हणतो. तो मानेत शिरतो, कानात शिरतो, मूत्रपिंडात उतरतो, तोंड वाकडं करतो. ओल्या केसांचं माणूस तावडीत सापडलं तर विचारूच नका. बर्फात तीन तास उभं राहून डुक्कर कापायला आमची ना नाही, तो बाहेरचा वारा. घरातला वारा वेगळा. हे ज्याला कळत नाही त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

आता नशिबाचा खेळ पाहा. आमच्या वाल्येवो गावात जर्मनीहून काम आलं, ते नेमकं खिडक्या बनवणाऱ्या कंपनीचं.

काम सोपं होतं. जर्मन गिऱ्हाईक तक्रारीचा फोन लावतं आणि तो वाजतो आमच्याकडे, चपलांच्या जुन्या दुकानावरच्या पहिल्या मजल्यावर. खिडकी लागत नाही, मूठ ढिली झाली, काचेला घाम येतो, भिंतीला बुरशी येते. आम्ही अकरा जण जर्मनमध्ये उत्तरं देतो. कंपनीचा हिशेब असा, की काम फार लांबच्या देशात पाठवलं तर घड्याळं जुळत नाहीत. युरोपातल्या युरोपात पाठवलं की दोन्हीकडे एकदमच उजाडतं आणि काही बिनसलं तर विमानाने दोन तासांत येऊन कान धरता येतो. पगारही तिकडच्या तिसऱ्या हिश्श्यात भागतो. आणि जर्मन भाषा आमच्या गावाला शिकवावी लागत नाही. अर्ध्या गावाने जर्मनीत फरशा पुसल्या आहेत आणि उरलेल्या अर्ध्याने त्यांनी पाठवलेली चॉकलेटं खाऊन वेष्टनं वाचली आहेत.

मी पहिल्या अर्ध्यातला. वितोमिर माझं नाव. एकोणीस वर्षं कासेल शहरात खिडक्या बसवल्या. बायको देसान्का इथे, मी तिथे, मधे बावीस तासांची बस. वर्षातून तीनदा यायचो. पोरीचं लग्न ठरलं तेही मला फोनवर कळलं. ओब्राद, म्हणजे आमच्या ऑफिसचा मालक आणि माझ्या मावसभावाचा मुलगा, याने हे काम आणलं तेव्हा मी गाशा गुंडाळून घरी आलो. पाच महिने दुपारचं जेवण घरी जेवतोय. पण काम सहा महिन्यांच्या बोलीवर होतं. सहाव्या महिन्यात तिकडून माणूस येणार, सगळं पाहणार, अहवाल लिहिणार. अहवाल चांगला आला तर काम राहणार. नाही तर ऑफिसला टाळं, आणि मी परत बसमधल्या तेरा नंबरच्या सीटवर. माझी मोठी बॅग देसान्काने अजून माळ्यावर टाकली नव्हती. कपाटाशेजारीच ठेवली होती, आणि मी येता-जाता तिच्याकडे न बघता जायचो.

फेब्रुवारीतल्या सोमवारी सकाळी ते माणूस आलं. विब्के ओल्टमान्स नावाच्या बाई. पन्नाशीच्या, उंच, पाठ ताठ. बाहेर उणे चार आणि बाईंचे केस ओले! हॉटेलात न्हाऊन तशाच चालत आल्या होत्या. रादोय्कामावशीने कॉफीचा ट्रे होता तिथेच टेकवला. ही आमची मावशी त्रेसष्ट वर्षांची, शाळेतून निवृत्त झालेली जर्मनची बाई. फोनवर तिच्यासारखं गोड कोणी बोलत नाही आणि फोन ठेवल्यावर तिच्यासारखं तिखटही कोणी बोलत नाही.

"देवा रे," ती सर्बियनमध्ये पुटपुटली. "ही शुक्रवारपर्यंत टिकत नाही."

"मावशी, हस," ओब्राद ओठ न हलवता म्हणाला. त्याने आम्हाला आधीच दम भरला होता. बाई काहीही करोत, हसायचं. काहीही विचारोत, म्हणायचं, काही अडचण नाही.

ओल्टमान्सबाईंनी आमच्याकडच्या लोकरी सपाता पायात घातल्या, कॉफी घेतली, वही उघडली. पानाच्या मधोमध पट्टीने रेघ मारली. डावीकडे लिहिलं 'फायदे', उजवीकडे लिहिलं 'अडचणी'.

"फायदे मला माहीत आहेत," त्या म्हणाल्या. "मला सांस्कृतिक अडचणी समजून घ्यायच्या आहेत. अगदी मोकळेपणाने बोला. राग येणार नाही."

"काही अडचण नाही," आम्ही अकरा जण म्हणालो.

"काहीच?"

"काहीच."

तेवढ्यात साडेनऊ झाले आणि बाईंच्या मनगटावरचं घड्याळ वाजलं. त्या उठल्या, रस्त्याकडची खिडकी सताड उघडली. मग शांतपणे चालत खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेल्या आणि अंगणाकडची खिडकी उघडली. बरोब्बर समोरासमोर.

"पाच मिनिटं," त्या प्रसन्नपणे म्हणाल्या. "दर तासाला. हवा खेळती राहिली की डोकं चालतं."

टेबलावरचे कागद उडाले. कोणी उचलायला वाकलं नाही, कारण वाकलं की कंबर उघडी पडते. मावशी "माझं पेन, माझं पेन" करत टेबलाखाली गेली ती पाच मिनिटं वर आली नाही. तिचं पेन तिच्या केसांत होतं. बाकीचे हसत होते. इतकं वाईट हसणं मी कुठल्याही लग्नात पाहिलेलं नाही.

मंगळवारी सगळे तयारीने आले. कानटोप्या, मफलर, एकाच्या पोटाला तर बायकोची शाल गुंडाळलेली. आणि साडेनऊला एक चमत्कार घडला. अकराच्या अकरा जणांना एकाच वेळी संडासला लागली. आमच्याकडे संडास एक. बाकीचे जिन्यात ओळीने उभे राहिलो. साडेदहाला पुन्हा तेच. साडेअकराला पुन्हा तेच. फोन वाजत होते आणि खोलीत एकट्या ओल्टमान्सबाई, उघड्या दोन खिडक्यांच्या मधे, केस भुरभुरत उभ्या.

दुपारी त्यांनी मला कोपऱ्यात गाठलं. "तुम्ही आमच्याकडे बरीच वर्षं राहिलात, म्हणून विचारते. इथले लोक आजारी आहेत का? पोटाचं काही?"

खरं सांगायची हीच वेळ होती. पण समोर ओब्राद उभा होता, आणि मला कपाटाशेजारची बॅग दिसत होती.

"काही अडचण नाही," मी म्हणालो.

बाईंनी उजवीकडे लिहिलं, 'पिण्याचे पाणी तपासून घेणे.'

संध्याकाळी ओब्रादने मला थांबवून घेतलं. "काका, आता तुमच्याच हातात आहे. ती रस्त्याकडची खिडकी उघडणार नाही असं काहीतरी करा."

"अरे, मी जन्मभर खिडक्या नीट केल्या. बिघडवू कशी?"

"उलट्या क्रमाने."

मी मुठीच्या आतली सळई काढून खिशात घातली. दोन मिनिटांचं काम, पण मला दहा लागली. कारण एक गोष्ट मी ओब्रादला सांगितली नव्हती. ओब्रादला काय, देसान्कालासुद्धा नाही. मला ती हवा आवडत होती.

हो, आवडत होती. कासेलमध्ये पहिल्या वर्षी खोलीतला जर्मन सोबती रोज खिडकी उघडायचा आणि मी रोज त्याच्या आईचा उद्धार करायचो. तिसऱ्या वर्षी मी गप्प बसलो. पाचव्या वर्षी तो सुट्टीवर गेला आणि मी स्वतः उठून खिडकी उघडली. तेव्हापासून मला बंद खोलीत झोप येत नाही. घरी आल्यापासून पाच महिने मी छताकडे बघत पडलोय. सकाळी दाढीच्या निमित्ताने बाथरूममध्ये जातो, झरोका उघडतो आणि अर्धा तास नुसता श्वास घेतो. आमच्या गावात बाहेरख्याली नवऱ्याला माफी आहे, याला नाही.

बुधवारी साडेनऊला ओल्टमान्सबाईंनी मूठ फिरवली. मूठ नुसतीच गोल फिरली. ओब्रादने हळहळून दाखवलं, मावशीने आकाशाकडे बघून छातीवर क्रुसाची खूण केली. बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी पर्समधून हातभर लांबीचं हत्यारांचं पाकीट काढलं, बाह्या सरसावल्या आणि तीन मिनिटांत नवीन सळई बसवली. सुटी सळई त्यांच्या पर्समध्येच होती. शिवाय बिजागऱ्यांना तेल घातलं. खिडकी आधी नव्वद अंशांत उघडायची, ती आता पार भिंतीला टेकायला लागली.

"आमच्या कंपनीची नसली म्हणून काय झालं," त्या म्हणाल्या. "खिडकी ती खिडकी."

"शाब्बास काका," जिन्यातल्या रांगेत मावशी माझ्या कानात फुसफुसली. "एकोणीस वर्षं तिकडे काय, खिडक्यांना नमस्कार करत होतात?"

गुरुवारी मात्र चेष्टा संपली. बाई सकाळपासून कानाला यंत्र लावून आमचे रेकॉर्ड केलेले फोन ऐकत बसल्या होत्या. आकडे त्यांना कोड्यात टाकत होते. इतर ठिकाणी एक फोन सहा मिनिटं चालतो, आमचा एकोणीस. तरी गिऱ्हाईकं आम्हाला पैकीच्या पैकी गुण देतात, आणि तीच तीच गिऱ्हाईकं पुन्हा फोन करतात. दहा वाजता त्यांनी यंत्र काढलं. चेहरा पांढरा पडला होता. त्यातला एक फोन त्यांनी सगळ्यांना मोठ्याने ऐकवला.

गिऱ्हाईक होत्या केटलहाकबाई, ओस्नाब्रुकच्या, वय एक्याऐंशी. त्या म्हणत होत्या, झोपायच्या खोलीत कोपऱ्याला बुरशी आली आहे. यावर कंपनीने आम्हाला छापील उत्तर दिलेलं आहे, 'दिवसातून तीनदा, दहा-दहा मिनिटं, समोरासमोरच्या खिडक्या पूर्ण उघडाव्यात.' आमच्या मावशीचा मधाळ आवाज विचारत होता, "घरी कोण असतं हो तुमच्या? एकट्याच? आणि पायात मोजे आहेत ना? ... अगंबाई, केस ओले? बाई, आधी ती खिडकी लावा. मी थांबते फोनवर. लावली? आता कानाला काहीतरी बांधा. बुरशीचं काय एवढं, ओल्या फडक्याने पुसता येते. तुम्ही पुसल्या गेलात तर काय करायचं?"

बाईंनी दुसरा फोन ऐकवला, तिसरा ऐकवला. आवाज वेगळे, सल्ला तोच. खिडक्यांच्या कंपनीचं मदतकेंद्र पाच महिने सगळ्या जर्मनीला सांगत होतं की खिडक्या उघडू नका. शेवटचा फोन माझा होता. मी, एकोणीस वर्षं खिडक्या बसवलेला माणूस, एका गृहस्थाला सांगत होतो, "उघडा, पण उघडून लगेच खोलीबाहेर जा आणि मागे दार लावून घ्या."

ओब्राद खुर्चीत बसला. मला बसचा तो डिझेलचा वास यायला लागला.

"हे का?" ओल्टमान्सबाईंनी विचारलं. रागावल्या नव्हत्या, तेच जास्त वाईट होतं. "मी कोणालाच दोष देत नाहीये. मला फक्त कळू द्या, का?"

ओब्रादने तोंड उघडलं. तो 'काही अडचण नाही' म्हणणार हे मला दिसलं, आणि माझं डोकं सणकलं.

"आम्ही वाऱ्याला भितो," मी म्हणालो. "बाई, संडास, पाणी, पोट, सगळं खोटं. तुम्ही दोन खिडक्या उघडल्यात की इथल्या प्रत्येकाला वाटतं आज आपली मान जाणार, नाही तर किडनी. ही काल मोडलेली मूठ मी मोडली. सळई माझ्या खिशात आहे, ही घ्या. आणि मावशी त्या म्हातारीला खिडकी उघड म्हणून सांगूच शकत नव्हती. तुम्ही कोणाला सांगाल का, की जा, पोटात सुरी खुपसून घे, भिंत छान सुकेल?"

बाई सळईकडे बघत राहिल्या. "चार दिवस मी विचारतेय, काय अडचण आहे. तुम्ही सगळे म्हणालात काही नाही."

"हीच तर अडचण आहे," मावशी म्हणाली. "पाहुण्याला आम्ही नाही म्हणत नाही. पाहुणा गेल्यावर म्हणतो."

तेवढ्यात मावशीच्या टेबलावरचा फोन वाजला. नाव झळकलं, केटलहाक. मावशी हात पुढे करणार तोच ओल्टमान्सबाईंनी तो उचलला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा केला. स्वतःचं नाव आणि हुद्दा सांगून त्या म्हणाल्या, "बाई, आमच्या केंद्राने तुम्हाला चुकीचा सल्ला दिला. त्याबद्दल मी कंपनीच्या वतीने क्षमा मागते. खिडक्या उघडायला हव्या होत्या."

"अहो, मी उघडतेच," पलीकडून म्हातारीचा आवाज आला. "रोज तीनदा. न उघडून कसं चालेल? कुबट वास येतो. बुरशी कधीच गेली."

"मग फोन कशाला करता?"

"आज गुरुवार ना," केटलहाकबाई म्हणाल्या. "गुरुवारी रादोय्काबाई माझ्या केसांची चौकशी करतात. माझे यजमान जाऊन चौदा वर्षं झाली. तेव्हापासून मी मोजे घातलेत की नाही हे कोणी विचारलेलं नाही. तुम्ही त्यांना बोलू नका हं. आणि मी खिडकी उघडते हे तर त्यांना अजिबात सांगू नका. फार जीवाला लावून घेतील."

मावशी लालबुंद झाली होती. तिने फोन हिसकावला. "पाच महिने! पाच महिने मला फसवलंत! निदान कान बांधून तरी उघडता का?"

"टोपी घालते. तुम्ही सांगितली होतीत ती लोकरीची."

"मग ठीक आहे," मावशी म्हणाली आणि टेबलाखाली गेली. या वेळी पेनासाठी नव्हे. खालून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

ओल्टमान्सबाईंनी वही मिटली. त्या दिवशी साडेदहाला घड्याळ वाजलं तेव्हा त्यांनी ते बंद केलं. संध्याकाळपर्यंत कोणाला संडासला लागली नाही.

शुक्रवारी सकाळी बाई आल्या त्या वाकड्या. म्हणजे चालत होत्या सरळ, पण डोकं डाव्या खांद्यावर झुकलेलं. मान पार आखडली होती. चार दिवस, दर तासाला, दोन खिडक्यांच्या मधे, ओल्या केसांनी! अकरा माणसांनी ते पाहिलं आणि अकरा माणसं एक अक्षर बोलली नाहीत. एवढा संयम आमच्या लोकांनी याआधी कधी दाखवला असेल असं मला वाटत नाही. ओब्राद तर भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते.

"उशी," बाई म्हणाल्या. "हॉटेलची उशी वाईट होती."

"हो, हो," मावशी म्हणाली. "उशीच." तिने बाईंना बसवलं, मानेला राकीया, म्हणजे घरची आलुबुखाराची दारू, चोळली, वर लोकरीचा पट्टा गुंडाळला, उरलेली राकीया पेल्यात ओतून हातात दिली. बाई निमूटपणे प्यायल्या. मग वही काढली. मान खाली करता येईना, म्हणून ती डोळ्यांसमोर उंच धरून त्यांनी अहवाल वाचून दाखवला.

उजवीकडे होतं, 'फोन तिप्पट लांबतात. छापील उत्तर दिले जात नाही. इथली माणसे काही अडचण नाही म्हणाली, तर ताबडतोब अडचण शोधावी.' डावीकडे होतं, 'गिऱ्हाईक तक्रार संपल्यावरही फोन करते. असे आमच्याकडे कधी झालेले नाही.' खाली निकाल होता. दोन वर्षं काम इथेच राहील. अट एकच, छापील उत्तर प्रत्येक गिऱ्हाईकाला शब्दन् शब्द वाचून दाखवायचं.

"डोळे मिटून वाचलं तर चालेल?" मावशीने विचारलं.

"चालेल. आणि त्यानंतर मोज्यांचं विचारायला हरकत नाही."

"आणि वाऱ्याचं काय लिहिलंत?"

"वाऱ्याचं," बाई मान न हलवता म्हणाल्या, "मी आमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवीन."

दुपारी घरी गेलो. शुक्रवारी आमचा उपास, म्हणून गॅसवर बिनमांसाचा घेवडा रटरटत होता. देसान्का मागे न वळता म्हणाली, "हं. बॅग भरू की माळ्यावर टाकू?"

"माळ्यावर टाक. दोन वर्षं."

तिने गॅस बारीक केला, हात पुसले आणि आत गेली. मला वाटलं रडायला गेली असेल. बराच वेळ आली नाही म्हणून मी मागोमाग गेलो. देसान्का पलंगावर बसली होती. डोक्याला लोकरीची टोपी, कानावरून मफलर, गळ्यापर्यंत पांघरूण. आणि खिडकी वीतभर उघडी.

"हे काय?" मी विचारलं.

"रोज अर्धा तास दाढी करतोस आणि खुंट तसेच. बाथरूममध्ये बर्फासारखा गारठा. मी काय आंधळी आहे?" ती म्हणाली. "मला वाटायचं तिकडच्या हवेसाठी तू परत जायचंच ठरवलंयस. म्हणून बॅग वर टाकली नव्हती. आता राहणारच आहेस तर झोप बाबा एकदा नीट. मी मेले तर माझ्या बहिणींना काय सांगायचं ते तू बघ. आणि ते दार लाव आधी, समोरासमोर नको!"

मी दार लावलं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मला ते थांबवता येईना आणि तिला कारण सांगताही येईना.

"बघ," देसान्का म्हणाली आणि डोक्यावरची टोपी काढून माझ्या कानांवर ओढली. "लागला ना वारा."